चाळिसाव्या वर्षाची बोट

"ही नको," इसिडोर म्हणाला. इतका वेळ ट्रॅव्हल एजन्सीतली प्रियंका नावाची ती चुणचुणीत पोरगी एकामागून एक बोटी दाखवत होती आणि तो प्रत्येकीला मान डोलावत होता. सिंगापूरहून सुटणारी, दुबईहून सुटणारी, डेकवर घसरगुंड्या असलेली, पोटात अख्खं नाट्यगृह असलेली. मग तिने मुंबईहूनच निघून गोवा, लक्षद्वीप करून परत येणारी 'ओशन मयूरी' पडद्यावर आणली, अंगावर निळाहिरवा मोर रंगवलेली, आणि इसिडोरची मान थांबली. आवाज चढला नव्हता. पण एथेलने वळून पाहिलं तेव्हा नवऱ्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. "का डॅडी? हीच तर बरी आहे, विमानाची कटकट नाही," जोॲन म्हणाली. लेक अंधेरीच्या बँकेतून अर्धी रजा टाकून आली होती आणि आजच्या आज काहीतरी ठरवून टाकायच्या घाईत होती. "जुनी हाय," इसिडोर म्हणाला, "नुसता रंग मारलाय." प्रियंका हसली. "अंकल, फोटो बघून कसं कळलं?" त्यावर जोॲनने मोठ्या अभिमानाने सांगितलं की डॅडींची सगळी नोकरी क्रूझवरच गेली, केबिन स्टुअर्ड होते, परदेशी बोटींवर. "मग झकासच! तुम्हीच निवडा ना अंकल," प्रियंका म्हणाली आणि तिने पुढची बोट आणण्यासाठी हात उचलला. "थांब," एथेल म्हणाली. "तीच राहू दे जरा."

बोरिवली पश्चिमेला मोबाइलच्या दुकानावरच्या माळ्यावर ते ऑफिस होतं. आत एसी इतका होता की एथेलने येतानाच पदर खांद्यावरून लपेटून घेतला होता. ती पडद्याकडे बघत राहिली. मोर होता, नवं नाव होतं, वरच्या मजल्यावर रंगीत छत्र्या होत्या. पण शेपटाकडे खालच्या रांगेत त्या गोल खिडक्या होत्या, दोन-दोनच्या जोडीने, आणि मागे कललेलं ते धुराडं होतं. हे धुराडं एथेलने कुठेही ओळखलं असतं. नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा तिने ते जास्त पाहिलं होतं. इसिडोर पहिल्यांदा त्या बोटीवर चढला तेव्हा त्याने तिचं रंगीत पोस्टकार्ड पाठवलं होतं, आणि एथेलने ते घरच्या अल्तारावर, येशूच्या तसबिरीच्या काचेत खोचून ठेवलं होतं. तेव्हा बोटीचं नाव 'लेडी ॲस्ट्रिड' होतं. रोज संध्याकाळी रोझरी म्हणताना नजर आधी तसबिरीवर आणि मग बोटीवर जायची. पुढे एका दिवशी तिने ते कार्ड काढलं, फाडायला घेतलं आणि फाडवलं नाही म्हणून कपाटाच्या तळाशी पेपराखाली टाकलं. तेव्हापासून तिने बोट पाहिली नव्हती, आणि आता ती इथे, मोर ल्यालेली, चाळीस वर्षांच्या संसाराचं बक्षीस म्हणून समोर उभी होती. "उद्या-परवा सांगतो," इसिडोर उठत म्हणाला.

रिक्षात जोॲन फोनवर क्रिसशी बोलत होती. क्रिस तिचा भाऊ, कॅनडात. ही सगळी त्याचीच टूम होती. आईबापांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला इसिडोर समुद्रावर होता. चर्चमध्ये जुबिलीची मिस्सा झाली ती एथेल आणि एक रिकामी खुर्ची यांची. फादरने खुर्चीलाही आशीर्वाद दिला होता आणि लोक कौतुकाने हसले होते. ते क्रिसच्या मनात राहून गेलं असावं. पन्नासाव्याची वाट कशाला बघायची, डॅडींचे गुडघे तोवर राहतील का, असं म्हणत त्याने ठरवून टाकलं की ज्या बोटींवर डॅडींनी दुसऱ्यांच्या गाद्या घातल्या, तसल्याच एकीवर आता डॅडी पाहुणे म्हणून जातील. मुलांना ते न्यायाचं वाटत होतं. एथेललाही वाटलं असतं. इसिडोर रिक्षाच्या कडेला, अंग चोरून बसला होता. तो नेहमी असाच बसायचा. रस्त्याने चालतानाही भिंतीच्या कडेने, समोरून कुणी आलं की बाजूला होऊन, पाठ भिंतीला लावून, हलकेच मान झुकवून. सोसायटीतली बाई त्याला जेंटलमन म्हणायची. एथेलला माहीत होतं, ती बोटीवरच्या कॉरिडॉरची सवय आहे. पाहुणा जाईपर्यंत थांबायचं. तीस वर्षं तो थांबला आणि मग तसाच घरी आला.

आणि तो दारावर टकटक करायचा. याचा एथेलला किती राग यायचा हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. आयसी कॉलनीतल्या त्या घराला एकच बेडरूम. आत एथेल साडी घडी करत असो की पडलेली असो, इसिडोर आत येताना दोनदा टकटक करायचा, दार उघडं असलं तरी. सुरुवातीला ती हसायची. मग म्हणायची, अरे तुझंच घर आहे. मग काहीच म्हणेनाशी झाली. निवृत्त होऊन आला तेव्हा तिला वाटलं होतं, जाईल हळूहळू. गेलं नाही. मुलं लहान असताना तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचा आणि पलंगावर टॉवेलचे प्राणी करून ठेवायचा, हत्ती, माकड, कासव. मुलं खिदळायची. राजहंस मात्र त्याने कधी केला नाही. एकदा जोॲनने हट्ट धरला, डॅडी, स्वॅन करा ना, पुस्तकात आहे तसा. "तो येत नाय मना," तो म्हणाला होता. तेव्हा एथेल स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. न येण्यासारखं त्यात काय आहे, असं तिच्या मनात आलं होतं, आणि ती विसरून गेली होती.

क्रिस आणि जोॲनच्या आधी इनास होता. हे मुलांना माहीत होतं, पण भिंतीवरचा फोटो माहीत असावा तितकंच. इनास हे इसिडोरच्या बापाचं नाव, पहिल्या मुलाला आजोबाचं नाव द्यायचं म्हणून दिलेलं. बापाने त्याला एकाच सुट्टीत पाहिलं. मग तो 'लेडी ॲस्ट्रिड'वर गेला आणि इनासला चालता येऊ लागलं, बोलता येऊ लागलं, अल्तारावरच्या पोस्टकार्डाकडे हात करून तो "डॅडी" म्हणू लागला. बापाचा फोटो दाखवला तर बघायचा नाही, बोट दाखवली की डॅडी. एथेलने हे पत्रात कळवलं होतं. मग एका आठवड्यात ताप मेंदूत गेला. मनोरीहून तिची आई फेरीने आली, मार्वेहून बस धरून, ओल्या पायांनी तशीच वॉर्डात शिरली, आणि पोहोचली तेव्हा एथेल एका बाकावर बसून इनासचे बूट पुसत होती. पांढरी पेटी इतकी लहान होती की ती दीराने एकट्याने उचलली. फोर्टमध्ये बोट कंपनीच्या एजंटाचं ऑफिस होतं, तिथे कुणीतरी जाऊन आलं. बोट दूर कुठेतरी होती, नॉर्वेच्या बाजूला. बंदर लागायला वेळ होता. मातीला थांबवून ठेवता येत नाही, फादर म्हणाले. सिमेट्रीत एथेलने मूठभर माती टाकली आणि तिच्या मनात एकच गोष्ट आली, की या घटकेला तो काय करत असेल. ती गोष्ट तिथून पुढे कधी गेलीच नाही. स्वयंपाक करताना, क्रिसला शाळेत सोडताना, जोॲनच्या लग्नात, मध्येच कुठेही ती वर यायची. मी माती टाकत होते तेव्हा हा काय करत होता.

तिने विचारलं नाही. तो पाच महिन्यांनी आला, सुटकेसमध्ये चॉकलेटं आणि तिच्यासाठी शाल घेऊन, आणि बेडरूमच्या दारावर टकटक केली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो आत आला, पलंगाच्या कडेला बसला, आणि त्याने चादरीची सुरकुती सरळ केली. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एथेलने ते नीट बघून घेतलं होतं. पाच महिन्यांत माणसाचं पाणी आटतं का, तिला माहीत नव्हतं. तिने मनाशी ठरवलं की हा रडलाच नाही, आणि त्या ठरवण्यावर पुढचा सगळा संसार उभा केला. वाईट संसार नव्हता. भांडणं नव्हती. पैसे वेळेवर यायचे, मुलं शिकली. फक्त घरात एक जागा अशी होती जिथे दोघंही पाय ठेवत नसत, आणि इतक्या वर्षांत दोघांनाही तिला वळसा घालून चालायची सवय झाली होती.

इनासची जागासुद्धा राहिली नव्हती. सिमेट्रीत जागा कमी, माणसं जास्त. काही वर्षांनी कबर उघडून दुसऱ्याला देतात आणि हाडं एका बाजूच्या विहिरीत, सगळ्यांची एकत्र. नोटिशीचा कागद आला तेव्हा इसिडोर बोटीवरच होता आणि जोॲन पोटात होती. एथेल जाऊन उभी राहिली नाही. पुढच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळे आपापल्या कबरी धुऊन फुलं-मेणबत्त्या लावत होते तेव्हा ती तिथे गेली, तर इनासच्या जागी कुणा म्हाताऱ्याचं नाव होतं आणि त्याची नातवंडं झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस काढत होती. एथेलने मेणबत्ती मधल्या मोठ्या क्रूसापाशी लावली, जिथे ज्यांच्या माणसांची कबर उरली नाही ते सगळे लावतात. तेव्हापासून ती दरवर्षी तिथेच लावते. हॉस्पिटल पाडून त्या जागी आता टॉवर झालाय. त्या दिवसाचं जगात काहीच उरलं नाही, असं ती धरून चालली होती. आणि आज दिसलं की एक गोष्ट उरलीय. तरंगते आहे. तिच्यावर मोर काढलाय.

पुढचे चार-पाच दिवस इसिडोर एकाएकी उत्साही झाला. माहितीपत्रकं आणली, चष्मा लावून बसला. पुढच्या टोकाला खोली घ्यायची नाय, हलतं. किचनच्या खाली नाय, पहाटे भांडी वाजतात. मधला मजला, मधली खोली. सिंगापूरची बोट बेस्ट, स्टेबल हाय, तुना बोट लागणार नाय. एथेल ऐकत होती आणि तिला दिसत होतं की हा बोलत नाहीये, काहीतरी झाकतोय. तो झाकत होता याची तिला कणव येत होती, आणि कणव येत होती याचा रागही येत होता. शेवटी एका सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवताना ती म्हणाली, "इसिडोर, मना तीच बोट पाहिजे."

"कुठली?"

"कुठली ते तुना ठाऊक हाय. नाव बदललं म्हणून मी ओळखणार नाय का?"

त्याने कप बाजूला सरकवला. "तिच्यावर काय हाय? भंगार हाय ती. माझ्या डोक्यात पण नव्हतं, की ती अजून चालते."

"त्या दिवशी तू कुठं होता, ते मना बघायचंय," एथेल म्हणाली. "जागा बघायचीय. मी माती देत होते तेव्हा तू कुठं उभा होता. तेवढंच. मग गोवा बघू, लक्षद्वीप बघू, तू म्हणशील ते बघू."

तो उठला, कप धुऊन ठेवला आणि बाजारात गेला. मासळी घेऊन आला आणि ती साफ करायला बसला. एथेलला वाटलं, संपलं. आता हा सिंगापूरचं नावही काढणार नाही आणि आपणही काढणार नाही, आणि पोरांना सांगू की गुडघे दुखतात. तिला आतून फार थकल्यासारखं झालं. वळसा घालायचा तर आणखी घालू, किती वर्षं राहिलीत.

दुपारी ती बाल्कनीतले वाळलेले कपडे काढून पलंगावर टाकत होती. दारावर टकटक झाली. इसिडोर आत आला आणि टॉवेल घडी करायला लागला. घड्या घालण्यात त्याचा हात कोण धरणार, कडेला कड, दोन सेकंदांत. तिसरा टॉवेल हातात असताना तो बोलू लागला, घडीकडे बघतच. "अकरा वाजता पर्सरने, आमच्या साहेबाने, बोलावलं. तार आलीवती. बोलला, रेस्ट घे आज. पण रेस्ट कुठं घेणार? खाली आमच्या खोलीत चौघं. बाकीचे नाईट करून झोपलेवते. तिथं आवाज करता येत नाय. डेकवर आम्हाला जाता येत नाय. बाथरूम पॅसेजमध्ये, बाहेर लाईन असते. मी फिरलो थोडा. रडायला जागाच नव्हती गं त्या बोटीवर. म्हणून म्हटलं, माझ्या केबिनी मीच करतो."

एथेलच्या हातात परकर होता. ती तो धरून उभी राहिली.

"मागच्या बाजूला, खालून दुसऱ्या मजल्यावर, एका केबिनमध्ये ॲनिव्हर्सरी होती. म्हातारं कपल. तसं असलं की वरून चिठ्ठी येते, बेड सजवायचा. दोन राजहंस, चोचीला चोच लावून. मध्ये गुलाबाच्या पाकळ्या. मी ते केलं. नीट केलं. मग दार लावलं आणि खाली बसलो, बेड आणि भिंतीच्या मध्ये, तोंडात टॉवेल घालून. किती वेळ, ते म्हायत नाय. ती दोघं आली. त्यांची खोली, ती कशाला टकटक करतील? दार उघडलं आणि मी तसा बसलेला." त्याने टॉवेल घडी करून घडीवर ठेवला. "बाईला वाटलं, मी त्यांच्यासाठीच रडतो. हंस बघून तिच्या पण डोळ्यात पाणी आलं. तिने मना मिठी मारली. मग म्हाताऱ्याने कॅमेरा काढला. मना मध्ये उभा केला, हंसांच्या बाजूला. बोलला, स्माईल."

"मग?"

"मग काय. केली स्माईल."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. एथेल पलंगावर बसली. कुठल्यातरी देशात, कुणाच्यातरी घरी, एका अल्बममध्ये इनास गेला त्या दिवसाचा त्याच्या बापाचा फोटो आहे आणि तो हसतोय. तिला ती बाई दिसली, तिचे पिकलेले केस, तिची मिठी. जी मिठी एथेलने द्यायची होती ती त्या बाईने चुकून देऊन टाकली होती. तिला त्या बाईचा मत्सर वाटला. आणि मग आठवले ते पाच महिने, ती भिंत, ती चादरीची सुरकुती, तो कोरड्या डोळ्यांनी बसलेला माणूस, ज्याला तिने एका नजरेत वाचून टाकलं होतं आणि पुन्हा कधी उघडलं नव्हतं. एवढी वर्षं टकटक ऐकून तिला वाटत होतं की हा घराला हॉटेल समजतो. त्याला भीती वाटत होती. बंद दारापलीकडे कुणी रडत असेल, आणि आपण तसेच आत शिरू, अशी. "मना का नाय सांगितलं?" ती म्हणाली. "तू विचारलं नाय," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. उरलेले टॉवेल त्या दोघांनी मिळून घडी केले, एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या.

शनिवारी ते दोघंच ऑफिसात गेले. जोॲनला एथेलने येऊ नको म्हणून सांगितलं होतं. प्रियंकाने ओळखून हात हलवला, खुर्च्या सरकवल्या. "मग, सिंगापूर ना अंकल?" इसिडोरने एथेलकडे पाहिलं. "मयूरी," एथेल म्हणाली. "आणि खोली मागच्या बाजूची दे. खालून दुसरा मजला, गोल खिडक्यांच्या वर. कुठली ती हा सांगेल." इसिडोरने बाजू सांगितली, डावी नव्हे, उजवी. खोल्यांचे आकडे आता बदलले असतील, तो म्हणाला. प्रियंकाने नकाशा फिरवून दाखवला आणि त्याने एका चौकोनाला हळूच हात लावला, तापलेल्या भांड्याला लावावा तसा.

"चाळिसावी ना?" टाइप करता करता प्रियंका म्हणाली. "मी नोटमध्ये ॲनिव्हर्सरी टाकते हां. मस्त बेड सजवून देतात, टॉवेलचे स्वॅन, फुलं वगैरे. केक पण येतो."

"नको," एथेल म्हणाली. "ते टाकू नको. आमचा लग्नाचा वाढदिवस आहे, हे तिथं कुणाला कळायला नको."

"अहो आंटी, त्याचे वेगळे पैसे नाही लागत. फुकट आहे ते."

"फुकट नसतं गं ते, बाय," एथेल म्हणाली.

प्रियंकाला काही कळलं नाही. ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि मग तिची नजर इसिडोरवरच थांबली. तो ताठ बसला होता, अंग न चोरता, हात मांडीवर, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गालांवर, तिथून शर्टाच्या कॉलरवर उतरत होतं. आवाज नव्हता, मग आवाज आला. शेजारच्या टेबलावरचं तरुण जोडपं माना वळवून बघू लागलं. एथेलने त्याला गप्प केलं नाही, रुमालही दिला नाही. तिने फक्त आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला लावली. प्रियंका घाबरून पाण्याची बाटली घेऊन उठली, म्हणाली, "अंकल, काय झालं? आपण नंतर करू या का हे?"

"असू दे," एथेल म्हणाली. "बस तू. रडू दे त्याला, आम्हाला काही घाई नाही."